बारा हंड्यांची मोहीम अर्थात मौजे वेळूखोरे येथील कोरड्या पागोळीचा निवाडा

श्रीवाघोबा समर्थ.

शके अठराशे साठ, बहुधान्यनाम संवत्सर, वैशाख मास, विहिरीचा तळ दिसू लागण्याचा समय, ते समयी तालुके शहापूर पैकी मौजे वेळूखोरे येथे जे युद्ध जाहले त्याचे साद्यंत वर्तमान लिहिले जाते. पूर्वी थोरांनी गड घेतले, मुलूख मारिले, त्यांच्या बखरी जाहल्या आणि त्या वाचून लोक मिशांस पीळ भरू लागले. परंतु बारा हात रुंद जमिनीवर आपली एक चूल मांडावी यास्तव एका स्त्रीने अठरा वर्षे दम धरिला, चार महिने मसलत केली आणि छपरावर पाण्याचा मारा झेलिला, याचा कागद कोणी केला नाही. तो येथे होत आहे. यात वाढवून काही लिहिले नाही. कोठे कमी लिहिले असल्यास ते पंचायतीच्या अब्रूखातर, हे जाणत्यांनी समजून घ्यावे.

तर मौजे मजकुरी धोंडी हे वडील आणि बारकू हे धाकटे, ऐसे उभयता बंधू एका छपराखाली नांदत होते. बारकू कसारियास आगगाडीच्या रुळांवर चाकरीस असून शनिवारी संध्याकाळी घरी दाखल होत आणि सोमवारी कोंबड्याबरोबर कूच करीत. धोंडी भाताची खाचरे सांभाळीत. उभयतांत वितुष्ट म्हणावे तर तिळमात्र नव्हते, तंबाखूची चंचीसुद्धा दोघांत एकच होती. परंतु घराचे राज्य बैठकीत नसते, चुलीपाशी असते, आणि त्या चुलीची गादी वडील जाऊ रंभाबाईसाहेब यांजकडे होती. धाकट्या जाऊ गुणाबाईसाहेब यांनी अठरा वर्षे त्या गादीची चाकरी इमानेइतबारे केली. लाकडे त्यांनी आणावी, जाळ त्यांनी फुंकावा, वाल त्यांनी सोलावे, आणि मग कालवणात काय पडावे हा हुकूम मात्र गादीवरून सुटावा.

आणि तेथेच युद्धाचे बीज होते. गुणाबाईसाहेबांचे माहेर मुरबाडाकडील. त्या घरी वालाचे कालवण बिनचिंचेचे करीत. रंभाबाईसाहेबांचे राज्यात चिंचेवाचून पान हलत नसे. वालात चिंच, आंबाडीत चिंच, सुकटीत चिंच, आणि ज्या दिवशी कालवण नसे त्या दिवशी चिंचेचेच सार. गुणाबाईसाहेबांनी लग्नाचे दुसरे वर्षी एकदा अर्ज गुजारिला जे, आज चिंच कमी पडावी. त्यावर हुकूम जाहला जे, आपल्या घरी असेच करतात. त्या 'आपल्या घरी' या शब्दाने गुणाबाईसाहेबांच्या मनी जे घर केले ते सोळा वर्षे हालले नाही. चिंच वाईट नव्हती. परंतु ती आपण घातलेली नव्हती, याचे दुःख होते, आणि ते दुःख खरे होते.

पुढे पौषात म्हशाची जत्रा भरली. सर्व मंडळी बैलांचे दात पाहण्यात गुंतली असता गुणाबाईसाहेब एकट्या भांड्यांच्या पालाकडे गेल्या आणि एक लोखंडी तवा पदराखाली घेऊन आल्या. तो त्यांनी घरी येऊन नाचणीच्या कणगीत तळाशी पुरला आणि वर धान्य सारखे केले. दोन महिने शत्रूस गंध लागला नाही. मग फाल्गुनात कणगी उतरली, आणि रंभाबाईसाहेबांनी भाकरीस नाचणी काढण्यास जातीने हात घातला, तो हातास लोखंड लागले. त्यांनी ते बाहेर काढिले, राख झटकावी तशी नाचणी झटकली आणि अंगणात येऊन विचारिले.

"गुणे, ह्यो कुनाचा?"

"माजा."

"आपला एक हाय ना गो?"

"तो तुमचा, जाऊबाय."

यापरते संभाषण जाहले नाही. एका घरात दुसरा तवा सापडणे म्हणजे काय, हे त्या मुलखात पाळण्यातले मूलही जाणते. तीन दिवस उभय छावण्यांत शब्द नव्हता. भाकरी होत होत्या, पाने मांडली जात होती, आणि सर्वांचे जेवून झाल्यावर दोघी जावा रिवाजाप्रमाणे एकमेकींसमोर बसून जेवत होत्या, परंतु मिठाचे भांडे हाताने न देता जमिनीवरून सरकवीत होत्या. चौथे दिवशी शनिवार आला आणि बारकू दाखल जाहले. त्यांस गुणाबाईसाहेबांनी अंगणात थांबवून फर्माविले जे, घरठाणाची दक्षिणेकडील निम्मी जागा, जेथे पेंढ्याची उडवी असते, ती आपली मागावी आणि तेथे घर करावे. बारकूंनी ते धोंडींस कळविले. धोंडींनी चंची पुढे केली, दोघांनी तंबाखू मळली आणि फूट मान्य केली. भावांचा तह होण्यास एक चिमूट तंबाखू पुरली. पुढील हकीकत बायकांची व पंचायतीची आहे.

मौजे मजकुरी तेव्हा ग्रामपंचायत नवीच स्थापन जाहली होती. कमळू हे सरपंच, वयाने थोर, आवाजाने त्याहून थोर. शाळेचे वाल्मिक मास्तर हे चिटणीस, मूळ शहापूरच्या पेठेतील, कौलारू घरात वाढलेले, अक्षर मोत्यासारखे. पंचांत विठू नामे एक गृहस्थ होते, त्यांच्या घराच्या वाटण्या तीन पिढ्या इतक्या बारकाईने जाहल्या होत्या जे, निजतेसमयी त्यांचे डोके आपल्या हिश्शात आणि पाय चुलत्याच्या हिश्शात पडत. चुलता पायांवरून तक्रार घेऊन पंचायतीत आला, तेव्हा पंचायतीस जाग आली आणि तिने घरठाणे फोडण्याविषयी कायदा केला. वाल्मिक मास्तरांनी पेठेतील कोण्या कागदावरून त्याची तीन कलमे उतरून काढिली. पहिले कलम, फोडलेल्या जागेचा कोणताही हिस्सा बारा हातांहून अरुंद नसावा. दुसरे, प्रत्येक घरास दार स्वतःचे असावे. तिसरे आणि भयंकर कलम जे, प्रत्येक घराच्या वळचणीची पागोळी, म्हणजे छपराच्या कडेवरून गळणारे पाणी, ते आपल्याच जमिनीत पडावे, शेजाऱ्याच्या अंगणात एक थेंब जाऊ नये. आढ्याचे पाणी वळचणीला हे सर्वांस ठाऊक होते. वळचणीचे पाणी कोणाला, याचा कायदा मात्र आजवर कोणी केला नव्हता.

बारकूंचा अर्ज पंचायतीपुढे आला तेव्हा सरपंचांनी धोंडींस विचारिले जे, तुमची हरकत आहे काय.

धोंडी बोलले, "जमिनीची माजी काय हरकत नाय. हरकत घरात हाय."

मग रंभाबाईसाहेब स्वतः चावडीच्या पायरीशी आल्या आणि तीनही कलमांवर तक्रार लिहवून घेतली. वाल्मिक मास्तर लिहीत असता त्यांनी विचारिले जे, कारण काय लिहू. रंभाबाईसाहेब टाकाच्या टोकाकडे पाहत म्हणाल्या जे, पागोळी लिहा.

पहिल्या कलमावर प्रथम चकमक जाहली. बारा हात म्हणजे कोणाचे हात, हे कलमात लिहिले नव्हते. गुणाबाईसाहेबांचे पक्षाने विठूंचा हात मागितला, कारण तो आखूड. रंभाबाईसाहेबांचे पक्षाने भिमा नामे इसमाचा हात मागितला, जो उभा राहून गुडघा खाजवू शके. दोन प्रहर वाद जाहला, पंचांनी दोन वेळा चहा घेतला, आणि मग सरपंचांनी हुकूम केला जे, उत्तरेकडून भिमाने मोजीत यावे आणि दक्षिणेकडून विठूने, जेथे भेट होईल तेथे हद्द. त्याप्रमाणे दोघे रांगत निघाले. भिमाचे अकरा हात भरले आणि विठूचे तेरा, आणि दोघांची डोकी एकमेकांवर आदळली तेथे दगड पुरला. अकरा आणि तेरा मिळून चोवीस, त्याचे निम्मे बारा, म्हणून कलम पहिले फत्ते जाहले ऐसे वाल्मिक मास्तरांनी लिहिले. गणित कोणास खोटे करिता आले नाही. दुसरे कलम दाराचे, ते पूर्वेस ठरून लागलीच निकालात निघाले.

राहिले तिसरे. बारा हातांत घर बसवावे तर भिंत हद्दीशीच येत होती, आणि वळचण हद्दीवर. भिंत आत घ्यावी तर आत चूल आणि जाते यांपैकी एकच मावे. तेव्हा पागोळी कोठे पडते यावर सर्व राज्य अवलंबून राहिले. आणि येथे पंचायत आपल्याच कायद्याच्या जाळ्यात सापडली. पागोळी पाहिल्यावाचून परवानगी देता येईना, छपरावाचून पागोळी दिसेना, आणि परवानगीवाचून छप्पर घालिता येईना. तीन बैठका जाहल्या. पहिलीत सरपंचांनी कायदा वाचून घेतला. दुसरीत तोच कायदा पुन्हा वाचून घेतला. तिसरीत विठूंस डुलकी लागली आणि त्यांचे पाय सवयीने शेजारच्या पंचाच्या मांडीवर गेले. तेव्हा दाराशी बसलेल्या गुणाबाईसाहेब उठून उभ्या राहिल्या आणि पदर सावरून सरपंचांस पुसत्या जाहल्या.

"कमळूबाबा, मांडवाला परवानगी लागते का?"

"मांडवाला कसली गो परवानगी? वैशाख हाय."

"मंग मी मांडव घालते."

"कुनाचा लगीन?"

"चुलीचा."

पंचांनी कायदा उलटापालटा करून पाहिला. त्यात मांडव हा शब्द कोठेही नव्हता. भिंती नाहीत ते घर नव्हे, हे विठूंनी जागे होऊन सांगितले, आणि घरांविषयी त्यांच्याइतका अनुभव दुसऱ्यास नव्हता.

त्याउपरी गुणाबाईसाहेबांनी ठाकूरवाडीहून जैतू यांस पाचारण केले. छपरे शाकारण्यात त्या डोंगरात जैतूंसारखा दुसरा उस्ताद नव्हता. सागाचे खांब रोविले गेले, बांबूचा सांगाडा चढला, आणि घरास जसे व्हावे तसेच नेमके छप्पर, तेवढाच उतार, तेवढीच वळचण, हद्दीच्या दगडापर्यंत आणून ठेविली. गुणाबाईसाहेब खालून गवताच्या पेंढ्या फेकीत होत्या आणि जैतू वर झेलीत होते. एक थर जाहला. दुसरा जाहला. गुणाबाईसाहेबांनी तिसऱ्यासाठी पेंढी उचलली तेव्हा जैतू आढ्यावरून खाली पाहून हसले.

"बास झाला, गुणाबाय. लय पिईल आता ह्यो."

"काय पिईल?"

"पानी. कोरडा गवत पयला आपुन पितंय. पोट भरला म्हंजे मंग खाली सोडतंय."

गुणाबाईसाहेब पेंढी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. अठरा वर्षांत त्यांनी पहिले कधी आपण घेतले नव्हते, आणि हे गवत पाहा. मग त्यांनी तिसरा थर चढविण्यास सांगितले आणि सहज विचारावे तसे विचारिले जे, किती पिईल. जैतूंनी गवतात कोपरापर्यंत हात खुपसून अंदाज घेतला आणि सांगितले जे, दहा हंडे पिईल, अकरा पिईल, बाराव्याचा आपण शब्द देत नाही. हे संभाषण त्या दोघांवाचून कोणास कळले नाही.

पुढे पंचायत बसली आणि फर्मान सुटले जे, येत्या रविवारी सकाळी मांडवाच्या छपरावर पाणी ओतावे, आणि पागोळी कोठे पडते ते पंचांनी डोळ्यांनी पाहावे. हाताला एक हंडा याप्रमाणे बारा हंडे ओतावे. ज्याची तक्रार त्याने पाणी आणावे. वाल्मिक मास्तर कौलांखाली वाढलेले, त्यांच्या घरी तांब्याभर पाणी वर सांडले तरी खाली पागोळी लागे. पंच गवताखाली जन्मलेले खरे, परंतु वैशाखात छपरावर पाणी ओतण्याचे वेड त्यांच्यापैकी कोणाच्या सात पिढ्यांत कोणी केले नव्हते, म्हणून त्यांसही सुचले नाही. सरपंचांनी गुणाबाईसाहेबांस विचारिले जे, ही कसोटी कबूल आहे काय. त्या इतक्या लवकर कबूल म्हणाल्या जे, रंभाबाईसाहेबांनी मान वळवून त्यांजकडे पाहिले.

रविवार उजाडला. हद्दीवर पंचांनी चाळलेल्या राखेचा पट्टा पसरिला, की थेंब पडेल तेथे खळगा उमटावा. धोंडी व बारकू यांची नेमणूक छपरावर जाहली, एकाने हंडा खालून घ्यावा आणि दुसऱ्याने ओतावा. दोघे बंधू आढ्यावर पाय सोडून बसले, मध्ये चंची ठेविली, आणि आपल्या खाली कोणते राज्य बुडते व कोणते तगते याची त्यांस फिकीर दिसली नाही.

रंभाबाईसाहेबांनी डोक्यावर चुंबळ ठेविली आणि तांब्याचा हंडा घेऊन विहिरीकडे कूच केले. विहीर खोऱ्यात, वाट खड्या उताराची, ऊन डोक्यावर येणारे. विहिरीवर गावच्या बाया पहाटेपासून खडकातले पाणी वाटीवाटीने भरीत बसल्या होत्या. रंभाबाईसाहेबांची पाळी आली, हंडा भरला. आता भरला हंडा एकटीने डोक्यावर घेता येत नाही, दुसरीने उचलून द्यावा लागतो, आणि तो द्यावयाचा हा विहिरीचा धर्म. परंतु बाईजा म्हणून तेथे एक करडी म्हातारी होती, तिने सर्वांदेखत सांगितले.

"छपराला पानी पाजायला निघाली. कुनी हात लावू नका गो."

आणि कोणी हात लाविला नाही. रंभाबाईसाहेबांनी हंडा गुडघ्यापर्यंत आणिला, मांडीवर आणिला, आणि तेथून तो पुढे जाईना. कोणाकडे मागावे तर तोंड नाही, टाकून जावे तर तक्रार बुडते. ऐसा प्रसंग गुदरला असता उतारावरून गुणाबाईसाहेब खाली आल्या. त्यांनी काही एक न बोलता हंड्याच्या काठास हात घातला, दुसरा हात बुडाशी दिला, आणि शत्रूचा हंडा शत्रूच्या डोक्यावर बसवून दिला. मग बाजूस होऊन पुढील हंड्याची वाट पाहत विहिरीच्या काठावर बसल्या. बाईजा म्हातारीने कपाळास हात लाविला.

तिकडे पहिला हंडा ओतला गेला. पंच राखेवर डोळे लावून उकिडवे बसले. काही पडले नाही. दुसरा ओतला, तिसरा ओतला. छप्पर 'फस्स' ऐसा आवाज करी आणि गप्प होई. चौथ्याला एक कोंबडी राखेवरून चालत गेली आणि तिच्या पावलांचे ठसे उमटले. विठूंनी हे थेंबच होत ऐसा कौल दिला. सरपंचांनी कोंबडी पकडविली, तिचा पाय ठशात ठेवून पाहिला, आणि मग कौल फिरविला. वाल्मिक मास्तरांनी कोंबडीचे नाव साक्षीदारांत लिहिले होते ते खोडिले. पाचवा, सहावा, सातवा. गवत पीतच होते. वाल्मिक मास्तर दर हंड्यास छपराकडे आणि मग आपल्या कलमाकडे पाहू लागले.

आठव्या खेपेस विहिरीवरची गर्दी ओसरली होती. हंडा भरेपर्यंत दोघी जावा काठावर बसल्या. रंभाबाईसाहेबांचे केस घामाने कपाळास चिकटले होते. त्या वाटीवाटीने हंडा भरू लागल्या.

"मी काय कमी केला गो तुला?" रंभाबाईसाहेब म्हणाल्या.

"कमी नाय केला. चिंच जास्त केली."

"चिंचेसाठी घर फोडतेस?"

"एकदा माज्या मनाचा कालवान करायचा हाय, जाऊबाय. बिघडला तर माज्या हातानी बिघडल."

रंभाबाईसाहेबांनी वाटी हंड्यात रिकामी केली आणि पुन्हा खडकाशी लाविली. मग जे कारण त्यांनी चावडीवर लिहवले नव्हते ते पाण्याकडे पाहत सांगितले.

"आनी मंग मी कुनासंगती जेवू? समदी जेवून उठतात. अठरा वर्सं मी तुजा तोंड बघून जेवते."

हे ऐकून गुणाबाईसाहेबांच्या मनी जे जाहले ते लिहिण्यास बखरीचे शब्द पुरत नाहीत. त्यांनी चार महिने तटबंदी पाहिली, दारूगोळा पाहिला, शत्रूचा हेतू मात्र आज प्रथम पाहिला, आणि त्यांस लाज वाटली आणि रडूही आले. त्यांनी पदराने नाक पुसले.

"चूल येगळी करते, जाऊबाय. जेवान कुठं येगळा केलाय?"

रंभाबाईसाहेबांनी शेवटची वाटी हंड्यात ओतली. हंडा भरला होता. गुणाबाईसाहेबांनी तो उचलून दिला. कारण तक्रार अद्याप कागदावर उभी होती आणि दोघी शब्दाच्या पक्क्या होत्या, म्हणून युद्ध पुढे चालू राहिले. नववा गेला, दहावा गेला. अकरावा ओतला तेव्हा छपराने आवाज केला नाही. गुणाबाईसाहेब बाराव्या हंड्यास हात देऊन, उतार चढून, मांडवापाशी येऊन पाहतात तो वळचणीच्या अगदी टोकाच्या काडीवर एक थेंब येऊन थांबला होता. थेंबाखाली राखेचा पट्टा होता, आणि थेंब पट्ट्याच्या पलीकडल्या अंगास, धोंडींच्या अंगणावर होता.

सर्व पंच उठून उभे राहिले. वाल्मिक मास्तरांनी टाक दौतीत बुडविला. आढ्यावर धोंडी व बारकू यांनी तंबाखू मळता मळता हात थांबविले. जैतू खांबास टेकून उभे होते, त्यांनी गुणाबाईसाहेबांकडे पाहिले आणि मान खाली घातली. आणखी एक हंडा पडावा की तो थेंब सुटावा, त्यामागून दुसरे सुटावे आणि अठरा वर्षे वाट पाहिलेले राज्य वाहून जावे, हे आता पोरासोरांसही कळत होते.

रंभाबाईसाहेब शिडीच्या तळाशी आल्या. डोक्यावर बारावा हंडा. त्यांनी वर थेंबाकडे पाहिले. मग गुणाबाईसाहेबांकडे पाहिले, ज्यांनी एका हाताने सागाचा खांब धरिला होता, जणू तो कोणी नेणार होता. धोंडींनी वरून हात खाली केले. रंभाबाईसाहेबांनी हंडा त्यांस न देता जमिनीवर उतरविला, शिडीच्या पहिल्या पायरीवर बसल्या, गुडघ्याने हंडा कलता करून ओंजळीने पाणी प्याल्या, पुष्कळ प्याल्या, आणि मग हाक मारिली.

"गुणे, ये. पी."

गुणाबाईसाहेब गेल्या आणि प्याल्या. तेव्हा वाल्मिक मास्तर कलम वाचते जाहले जे, बारा हंडे छपरावर ओतावयाचे आहेत, अकराच ओतले, सबब कसोटी अपुरी.

"मास्तर, तक्रार कुनाची?" रंभाबाईसाहेबांनी विचारिले.

"आपली."

"ती मी पिऊन टाकली. लिवा."

सरपंच कमळू यांनी घसा साफ केला. त्यांनी पंचांकडे पाहिले, हंड्याकडे पाहिले, आणि थेंबाकडे पाहिले. तो अद्याप टोकास होता, ना पडत होता ना परत जात होता. पंच त्या थेंबाखाली इतका वेळ उभे राहिले जे विठूंची मान अवघडली. आणि मग वैशाखाच्या उन्हाने तो थेंब आपल्या हिश्शात घेतला, काडी कोरडी पडली, आणि राखेवर कोंबडीच्या पावलांवाचून काही उमटले नाही. सरपंचांनी निवाडा दिला जे, पागोळी पडली नाही, जी पडली नाही ती शेजाऱ्याच्या अंगणातही पडली नाही, सबब तिसरे कलम फत्ते, घरठाण फोडण्यास आणि मांडवास भिंती लावण्यास परवानगी. वाल्मिक मास्तरांनी मोत्यासारख्या अक्षरात नोंद केली, ती पंचायतीच्या दप्तरात अशी आहे, 'अकरा हंडे छपराने प्याले. बारावा तक्रारदारीण व अर्जदारीण यांनी मिळून प्याला. पागोळी निरंक.'

त्याच दिवशी उभय जावांत तहनामा जाहला. तो कोणी लिहिला नाही, परंतु आजवर मोडला नाही. चुली दोन, तवे दोन. ज्या त्या चुलीवर जिच्या तिच्या मनाचे कालवण. चिंचेविषयी एकीने दुसरीस सल्ला देऊ नये. आणि सर्वांचे जेवून जाहल्यावर हद्दीच्या दगडापाशी, ज्या जागी भिमा व विठू यांची डोकी आदळली होती, त्या जागी दोघींनी आपापली ताटली घेऊन यावे आणि समोरासमोर बसून जेवावे.

कारवीच्या काठ्यांच्या कुडांस, म्हणजे भिंतींस, शेणमाती लागली, ती वाळली, आणि ज्येष्ठ लागण्याच्या आधी गुणाबाईसाहेबांनी चूल मांडिली. नव्या चुलीस विस्तव जुन्या चुलीतून यावा लागतो. तो मागण्यास त्या उठल्या, तो रंभाबाईसाहेब पूर्वेच्या दारात उभ्या होत्या, हातात शेणीचा तुकडा, त्यावर निखारा. त्या आत आल्या नाहीत. दुसऱ्याच्या घरात बोलाविल्यावाचून जाऊ नये हे त्यांस कळत होते, आणि गुणाबाईसाहेबांस 'या' म्हणण्याचा मान अठरा वर्षांनी प्रथम मिळत होता. तो त्यांनी घेतला. त्या दिवशी वालाचे बिनचिंचेचे कालवण जाहले. रंभाबाईसाहेबांनी दगडापाशी ते चाखिले आणि अळणी आहे ऐसा अभिप्राय दिला, आणि ताटली पुन्हा पुढे केली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. कोणाचे रक्त सांडले नाही, पाणी मात्र बहुत सांडले. पुढे आषाढात पावसाने छपराचे पोट भरले आणि पागोळी लागली. ती हद्दीपलीकडे रंभाबाईसाहेबांच्या अंगणात सवा वीत आत पडली. हे पंचायतीस कळविण्यात आले नाही. रंभाबाईसाहेबांनी त्या जागी तोच तांब्याचा हंडा आणून ठेविला. तो दर सरीस काठोकाठ भरे. भरला हंडा एकटीस उचलवत नाही, दुसरी लागते, आणि ती हाकेवर होती.